यंत्राच्या आधी शिक्षक

(सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षक-मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर काही श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



या मेळाव्यात बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचा व्यवसाय लेखणीचा. चाळीस-पन्नास मुलांपुढे रोज पाच तास उभे राहण्याचे कष्ट ज्याने सोसले नाहीत, त्याने शिक्षकांना उपदेश करावा हे शोभत नाही. परंतु विषय कळला आणि संकोच मागे पडला. वर्गात येऊ लागलेली नवी यंत्रे वापरण्यासाठी शिक्षकाची तयारी कशी व्हावी, हा तो विषय. वरवर पाहता तो तांत्रिक आहे. परंतु आमच्या मते सीमाभागातील मराठी शाळा टिकणार की नाही या प्रश्नाशी त्याचा फार निकटचा संबंध आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मराठी मुलूख त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या राज्यात गेला. तेव्हापासून आपण झगडत आहोत. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायाची वाट पाहणे आपणांस भागच आहे आणि आपण ती धीराने पाहू. परंतु तिसरीच्या वर्गात आज बसलेली मुलगी कोणत्याही निकालाची वाट पाहू शकत नाही. तिला या वर्षीच वाचता आले पाहिजे, या वर्षीच भागाकार समजला पाहिजे. तिच्या शाळेत मराठी नीट शिकवली गेली नाही, तर उद्या निकाल आपल्या बाजूने लागूनही ज्या भाषेसाठी आपण लढलो ती तिच्या घरात उरलेली नसेल.

आणि ही मुलगी शाळा सोडून कोठे जाते, हे आपण रोज पाहतो. गावाबाहेर इंग्रजी माध्यमाची नवी शाळा उघडते. तिच्या फाटकावर मोठा फलक लागतो आणि त्यावर ‘स्मार्ट क्लास’ ही अक्षरे झळकतात. पालक आत जाऊन पाहतात, तो भिंतीवर प्रकाशणारा पडदा, त्यावर हलणारी चित्रे. मग आपल्या मराठी शाळेतील उडालेला फळा आणि खडूची धूळ त्यांच्या डोळ्यांपुढे येते, आणि निर्णय होऊन जातो. त्या पडद्यावर मूल काय शिकते, हे विचारण्याचे त्यांच्या मनात येत नाही. आम्ही पालकांना दोष देत नाही. स्वतः शेतात राबून, उसनवारी करून मुलांची फी भरणाऱ्या माणसाची अपेक्षा प्रामाणिकच असते. परंतु यातून आपल्या शाळांच्या हितचिंतकांनी जो निष्कर्ष काढला आहे तो आम्हांस घातक वाटतो. तो असा की, आपणही वर्गणी काढून एक पडदा विकत घ्यावा, म्हणजे पट वाढेल. पडदा अवश्य घ्यावा. परंतु तो चालविणाऱ्या शिक्षकाचा विचार आधी न केल्यास त्या पडद्याचे काय होते, याचा इतिहास आता शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो फारसा उत्साहवर्धक नाही.

अमेरिकेत १९१३ साली थॉमस एडिसनने असे भाकीत केले होते की, चलच्चित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुस्तके आजही आहेत. चित्रपटामागून रेडिओ आला, रेडिओमागून दूरचित्रवाणी आली, तीमागून संगणक आला. आणि प्रत्येक वेळी शाळेचे रूप पालटणार अशी द्वाही फिरविण्यात आली. लॅरी क्यूबन या अमेरिकन शिक्षणेतिहासकाराने १९८६ साली या सर्व प्रयोगांचा आढावा घेणारे पुस्तकच लिहिले. यंत्रे वरून आली, शिक्षकाला कोणी विचारले नाही, आणि काही वर्षांनी ती कोपऱ्यात गेली, असा त्या कथेचा सारांश आहे.

फळा मात्र टिकला. तो का टिकला, हे विचारण्याजोगे आहे. फळाही एके काळी नवे साधनच होते. परंतु अध्यापक विद्यालयात फलकलेखनाचा सराव करून घेत. अक्षर केवढे असावे, कोणत्या बाजूस काय लिहावे, पाठ मुलांकडे न करता कसे लिहावे, हे शिकवीत. पुढे फळा शिक्षकाच्या इतका हातचा झाला की तो साधन आहे हेच आपण विसरलो. तो बिघडत नाही, विजेवाचून चालतो, आणि कोणत्या क्षणी काय लिहावे आणि काय पुसावे हे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असते. जे नवे साधन शिक्षकाच्या असेच ताब्यात येईल ते टिकेल. बाकीची कपाटात जातील.

आपल्या देशाचा अनुभव याहून निराळा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत भारताने अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. आपल्या शेजारचा विजापूर जिल्हा त्यात होता. मुलांसाठी सकाळी कार्यक्रम असत. परंतु आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्याच उपग्रहाच्या साह्याने हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे धडे देण्यात आले. नुसता कार्यक्रम दाखवून त्यांना घरी पाठविले नाही. जोडीला रेडिओवरील पाठ होते, छापील साहित्य होते, प्रत्यक्ष करून पाहावयाच्या कृती होत्या आणि आपसांत चर्चा होती. शिक्षकाला शिकविण्याची खरी रीत त्या काळी आपल्या देशास ठाऊक होती, एवढे यावरून सिद्ध होते. वर्ष संपले, उपग्रह गेला. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून ‘एज्युसॅट’ हा आपला स्वतःचा उपग्रह आकाशात गेला, आणि त्याच्या पूर्वतयारीच्या प्रयोगांत आपल्या बेळगावातील विश्वेश्वरय्या तंत्रविद्या विद्यापीठाचा समावेश होता. तात्पर्य, उपग्रहापर्यंत आपली धाव गेली. परंतु गावच्या शाळेतील गुरुजींपर्यंत ती पुरती पोहोचली नाही.

आता एक उदाहरण आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते आपल्यासारख्याच मराठी माणसांच्या जुन्या वस्तीच्या शहरातील आहे. बडोदे हे ते शहर. १९०६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच बडोद्यात इ. स. २००० च्या सुमारास गुजरात शासनाने महानगरपालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी, २००२ च्या जूनमध्ये, ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली. प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांतील फारच थोडे संगणक वापरात होते. पुष्कळसे तर खोक्यांतून बाहेरच निघाले नव्हते. मोडतील ही भीती, आणि चालविणारे कोणी नाही ही अडचण! एवढ्या पैशाचे यंत्र शाळेच्या दारी येते आणि खोक्यात पडून राहते, यात यंत्राचा दोष नाही, आणि शिक्षकाचा तर मुळीच नाही. ज्याने यंत्र पाठविले त्याने माणूस तयार केला नाही, हा तो दोष.

मग ‘प्रथम’ने स्थानिक तरुण निवडले, त्यांना काही दिवसांचे प्रशिक्षण दिले, आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ खेळावयास बसविले. ज्याला जेवढे येते तेथून त्याने पुढे जावे, अशी त्या खेळांची रचना होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे काटेकोर मोजमाप केले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले. गणितात मुलांची प्रगती ठळकपणे दिसून आली. भाषेवर मात्र काही परिणाम झाला नाही. आणि प्रयोग थांबल्यावर वर्षभरात गणितातील लाभही बराचसा ओसरला. संगणक तेच होते. खोक्यात असता त्यांनी काही शिकविले नाही, शिकलेल्या हाती येताच शिकविले, आणि हात दूर होताच परिणाम विरू लागला.

गुजरातमध्येच लेह लिंडेन या अभ्यासकाने दुसरा एक प्रयोग तपासला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष मांडले. तेथे एका ठिकाणी संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवण्यात आला, तर दुसऱ्या ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षकाच्या शिकविण्यास जोड म्हणून. जोड म्हणून जेथे वापरला तेथे मुले पुढे गेली. शिक्षकाच्या जागी जेथे वापरला तेथे मुले मागे पडली. चांगला शिक्षक हटवून तेथे यंत्र बसविले तर मुलाचे नुकसान होते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. दूरच्या पेरू देशाने तर मुलांच्या हाती आठ लाखांहून अधिक लहान संगणक दिले. २०१२ साली तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि गणित व भाषा या विषयांच्या परीक्षेत त्या संगणकांमुळे काही फरक पडल्याचे आढळले नाही.

यावर आपणांपैकी कोणी म्हणेल, मग ही यंत्रे नकोतच. हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. शिक्षकाची तयारी म्हणजे नेमके काय, हे ठरविणे एवढेच यातून प्राप्त होते.

आजवरचे प्रशिक्षण कसे होते, हे आपणांस आमच्याहून चांगले ठाऊक आहे. सभागृहात शंभर शिक्षक बसतात. यंत्रापुढे एकटा तज्ज्ञ असतो. तो बटणे दाबतो आणि बाकीचे शंभर पाहतात. यंत्र सुरू कसे करावे आणि बंद कसे करावे, एवढे समजेपर्यंत दोन दिवस संपतात. चहा होतो, प्रमाणपत्र मिळते, आणि सोमवारी शिक्षक आपल्या वर्गात पूर्ववत उभा राहतो. घरबसल्या घेण्याच्या शिक्षणक्रमांत तर एका खोलीत मोबाईलवर व्याख्यान चालू ठेवून दुसऱ्या खोलीत वह्या तपासण्याचा प्रकारही घडतो. तो का घडतो, हे आम्ही जाणतो. शाळेत यंत्र प्रथम आले ते मुलांसाठी आलेच नाही. ते माहिती भरण्यासाठी आले. पटाची माहिती, पोषण आहाराची माहिती, हजेरीची माहिती. यंत्र म्हणजे वरून आलेला आणखी एक हुकूम, अशी ओळख ज्याची झाली, त्याला शिक्षकाने मित्र कसे मानावे?

शिक्षणशास्त्रात या संबंधी एक विचार मांडण्यात आला आहे, तो येथे उपयोगी पडेल. १९८६ साली ली शुलमन यांनी असे दाखविले की, विषय जाणणे वेगळे, शिकविण्याची सामान्य रीत जाणणे वेगळे, आणि तोच विषय त्या वयाच्या मुलाला कसा समजेल हे जाणणे आणखी वेगळे. आणि शिक्षकाची खरी विद्या ती हीच. २००६ साली पुण्य मिश्र व मॅथ्यू कोहलर यांनी त्यात साधनाच्या ज्ञानाची भर घातली. त्यांचे म्हणणे असे की, साधन सुटे शिकवून उपयोग नाही. अमुक धडा, अमुक मुले, त्यांची नेहमीची अमुक चूक, आणि ती दूर करण्यास अमुक साधन, असे सर्व एकत्र बसले पाहिजे.

हे आपण आपल्या वर्गातील उदाहरणांनी पाहू. एक अष्टमांश मोठा की एक षष्ठांश, असे विचारले तर निम्मी मुले ‘अष्टमांश’ म्हणतात, कारण आठ हा सहापेक्षा मोठा. ही चूक अनुभवी शिक्षकाला आधीच ठाऊक असते, यंत्राला नसते. शिक्षकाने प्रथम मुलांच्या हाती कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या द्याव्यात, एकीचे सहा आणि दुसरीचे आठ भाग पाडावयास सांगावे. भाग मुलाने स्वतः हाताळावा. त्यानंतर पडद्यावर त्याच भाकरीचे बारा, वीस, साठ भाग करून दाखवावेत, कारण कागदाची साठ वेळा घडी घालता येत नाही. कागदाने जे होते ते कागदाने करावे, आणि जे कागदाने होत नाही तेथेच पडदा उघडावा.

चंद्राच्या कला घ्या. पुस्तकातील सपाट चित्रावरून त्या समजणे कठीण. येथे हलते चित्र फार साह्यकारी होते. परंतु चित्र दाखविण्यापूर्वी प्रश्न विचारला पाहिजे: ‘अमावास्येला चंद्र कोठे असतो?’ प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. मग तीन मिनिटांचे चित्र दाखवावे, मध्येच थांबवावे, पुढे काय होईल ते विचारावे. प्रश्न न विचारता वीस मिनिटे चित्र दाखविले तर मुले खूष होतात, परंतु घरी जाताना बरोबर काही नेत नाहीत. उलट, बियाला कोंब कसा फुटतो, हे प्रथम पडद्यावर दाखविणे म्हणजे मुलाचा आनंद हिरावून घेणे होय. ओल्या फडक्यात चवळी ठेवावी, मुलांनी रोज पाहावी, चित्र काढावे. दहा दिवसांची ती वाढ एका मिनिटात दाखविणारे चित्र त्यानंतर पाहिले, तर ते त्यांना खरे वाटेल.

तिसरे उदाहरण मराठीचेच. यासाठी पडदा नको, इंटरनेट नको. शिक्षकाजवळचा साधा मोबाईल पुरे. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक उतारा वाचावयास सांगून त्याचा आवाज नोंदवून ठेवावा. जानेवारीत तोच उतारा पुन्हा वाचून घ्यावा आणि दोन्ही आवाज मुलाला ऐकवावेत. कोठे अडखळत होतो, ‘ळ’ आणि ‘ल’ यांत कोठे घोटाळत होतो, हे मूल स्वतः ओळखते. पालकसभेत हाच आवाज पालकांना ऐकवा. इंग्रजी शाळेच्या पडद्यापुढे दिपलेल्या बापाला आपल्या मुलीची प्रगती कानांनी ऐकू आली, तर तो कोणता पुरावा अधिक मानील? मात्र मुलांचे आवाज आणि चित्रे ही शाळेची ठेव आहे. ती शाळेबाहेर कोठेही धाडू नयेत, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

आणि वीज? वीज जाणारच. इंटरनेट ऐन वेळी अडणारच. म्हणून जे दाखवावयाचे ते आदल्या दिवशी उतरवून घ्यावे, एकदा स्वतः पाहावे, आणि यंत्र न चालल्यास तोच पाठ फळ्यावर कसा घ्यावयाचा याचे टिपण खिशात ठेवावे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने पाठाचे टाचण तयार करून मिळते. तेही वापरावे, परंतु त्यातील मजकूर आणि त्यातील मराठी स्वतः तपासल्यावाचून वर्गात नेऊ नये. या सर्व गोष्टी बटणांच्या प्रशिक्षणात सांगितल्या जात नाहीत, आणि वर्गात यश येते ते यांवरच.

आता भाषेच्या प्रश्नाकडे येतो. साधनाचे प्रशिक्षण धड्याशी जोडलेले असले पाहिजे, हे एकदा मान्य केले की, ते धड्याच्याच भाषेत मिळाले पाहिजे हे ओघाने आले. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला अपूर्णांकाचा पाठ मराठीतून घ्यावयाचा असता त्याचे प्रशिक्षण, हस्तपुस्तिका आणि नमुनापाठ दुसऱ्या भाषेत असतील, तर त्याचा निम्मा वेळ भाषांतरात जातो. राज्यघटनेचे कलम ३५०-अ हे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे आपला मुलूख तोडणाऱ्या त्याच वर्षी, घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याविषयी ते राज्यांना सांगते. कर्नाटक शासन मराठीतून पाठ्यपुस्तके छापते. म्हणजे तत्त्व त्यास मान्य आहे. परंतु ‘पुरेशा सोयी’ या शब्दांत आज केवळ छापील पुस्तक बसत नाही. पुस्तकाबरोबर पडद्यावरचे साहित्य आणि शिक्षकाचे प्रशिक्षण ही आता शिक्षणाची अंगे झाली आहेत. जेथे ती मराठीतून मिळत असतील तेथे आम्ही धन्यवाद देऊ. जेथे मिळत नसतील तेथे ती लेखी मागावीत, आणि मागणीची प्रत जपून ठेवावी.

ही मागणी अवास्तव नाही, याला दोन साक्षी आहेत, आणि दोन्ही कन्नड मुलांच्या आहेत. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा केरळ शासनाने १ जून २०२० पासून ‘फर्स्ट बेल’ या नावाने दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू केले. ते मल्याळममध्ये होतेच. परंतु तमिळ आणि कन्नड माध्यमांच्या मुलांसाठीही स्वतंत्र पाठ तयार करण्यात आले. कासरगोड हा केरळचा सीमाभाग. तेथे कन्नड भाषक पुष्कळ आहेत, आणि त्या प्रदेशावर कर्नाटकाचा दावा आहे. तरी तेथील कन्नड मुलाला पाठ कन्नडमधून मिळाला, हे योग्यच झाले. केरळाने आणखी एक गोष्ट केली. संगणकशिक्षणाची धुरा परक्या कंपन्यांवर न टाकता शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले आणि त्यांच्याकरवी इतर शिक्षकांना तयार केले.

दुसरी साक्ष आपल्या महाराष्ट्राची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यांतून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांपर्यंत पोहोचविण्याचे त्यांचे काम सर्वत्र गाजले. परंतु त्याच्या मुळाशी काय होते, हे थोड्यांनीच सांगितले. पाठ्यपुस्तकाची भाषा आणि मुलांच्या घरची भाषा एक नव्हती. म्हणून हा मराठी शिक्षक कन्नड शिकला, आणि मुलांच्या भाषेत साहित्य तयार केले. म्हणजे यंत्र दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिल्या क्रमांकावर मुलाची भाषा होती. एक मराठी शिक्षक कन्नड मुलांसाठी जे आपणहून करतो, ते मराठी मुलांसाठी व्हावे अशी अपेक्षा करण्याचा आपणांस पूर्ण नैतिक अधिकार आहे. आपला झगडा कन्नड भाषेशी कधीच नव्हता आणि नाही. आपल्या शिक्षकाने कन्नड उत्तम शिकावी. त्याने त्याचे काम सुकर होईल. परंतु मराठी मुलापुढे तो उभा राहील तेव्हा त्याच्या हातचे साधन मराठी बोलले पाहिजे.

तथापि मागणी करून हात जोडून बसावे, असे आम्ही सुचवीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. ते तास कसे खर्ची पडावेत, हे काही अंशी आपल्याही हाती आहे. जवळच्या पाच-सहा मराठी शाळांनी एक मंडळ करावे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एका शाळेत जमावे. एका शिक्षकाने एकच पाठ, एकच साधन घेऊन, खऱ्या मुलांपुढे घ्यावा, इतरांनी पाहावे, मग अर्धा तास मोकळेपणी बोलावे. मूल कोठे थांबले? साधनाने मदत केली की लक्ष विचलित केले? पुढच्या महिन्यात तोच पाठ दुसऱ्याने सुधारून घ्यावा. वर्षाला दहा पाठ झाले तरी पुष्कळ. पाच वर्षांत पन्नास पाठ होतील, आणि ते सीमाभागातील मराठी शिक्षकांच्या अनुभवातून उतरलेले असतील.

साहित्य शोधण्यास फार दूर जावयास नको. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभारलेला मराठी विश्वकोश आज कोणासही घरबसल्या वाचता येतो. केंद्र शासनाने २०१७ साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील मराठी साहित्य आपल्या अभ्यासक्रमाशी कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, याची यादी हे मंडळच करू शकेल. आणखी एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक शिक्षकाने युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिकावे. जुन्या टंकांतील प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांची रांगोळी होते, आणि केलेले काम वाया जाते. ‘दऱ्या’मधील अर्धा र कसा उमटवावा हे ज्याला येते, त्याच्याकडे शेजारचे दहा शिक्षक विचारावयास येतील, आणि मंडळाची सुरुवात तेथूनच होईल.

पालक आणि शाळा सुधारणा समित्यांस आमची एवढीच विनंती आहे. शाळेसाठी वर्गणी काढाल तेव्हा सारी रक्कम यंत्रावर खर्चू नका. काही भाग दुरुस्तीसाठी, काही शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी वेगळा ठेवा. गावात संगणक जाणणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा शाळेत बोलवा. त्यांनी तारा जोडाव्यात, यंत्र सुरू करून द्यावे, आणि वर्ग शिक्षकाच्या स्वाधीन करावा. यंत्र मोडेल म्हणून ते कुलपात ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांस सांगा की, वापरून मोडले तर आम्ही दुरुस्त करून देऊ. आमच्या पाहण्यातील एका शाळेत प्रोजेक्टर तीन वर्षे कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे यावर वाद होता. मोडल्याचा ठपका आपल्यावर येणार नाही, एवढा विश्वास शिक्षकाला मिळाला तर बडोद्याची खोकी आपल्या गावी दिसणार नाहीत.

‘युनेस्को’ने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावातच प्रश्न विचारला: हे साधन कोणाच्या अटींवर? सीमाभागातील माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याच्या अटींवर जगणे म्हणजे काय, हे तो जन्मापासून जाणतो. वर्गात येणारे यंत्र मराठी मुलाच्या आणि मराठी शिक्षकाच्या अटींवर यावे, एवढेच आपले म्हणणे आहे.

शेवटी एका जुन्या गोष्टीचे स्मरण देऊन आम्ही थांबतो. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. तेव्हा मुलींना शिकवावयास शिक्षिका मिळणे दुरापास्त होते. जोतीरावांनी आधी घरी सावित्रीबाईंना लिहावयास-वाचावयास शिकविले, आणि मग त्या शाळेत उभ्या राहिल्या. इमारत लहान होती, साहित्य जवळजवळ नव्हतेच, लोकांचा विरोध तर होताच. परंतु शिक्षिका तयार होती, म्हणून शाळा चालली. हा क्रम आपण उलटा करू नये. पुढच्या महिन्यातील पहिला शनिवार आपण आजच ठरवू या. पहिला पाठ कोणत्या शाळेत आणि कोण घेणार, हे येथून उठण्यापूर्वी लिहून घेऊ या. त्या पाठाचा वृत्तांत छापण्यास आमच्या पत्राचे हे पान मोकळे राहील.

जय महाराष्ट्र!